काकूंची मेस, नवी पेठ : दोन वर्षं जेवल्यावर लिहितेय

शास्त्री रोडवरून नव्या पेठेत आत शिरलं की अभ्यासिका, झेरॉक्सवाले आणि चहाच्या टपऱ्यांच्या गर्दीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ही मेस आहे. बाहेर पाटी नाही. दुपारी साडेबारानंतर दारात चपलांचा ढीग दिसला की तीच. लिहू का म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या, "आमचं नाव नको टाकू बाळा, आहेत तेवढी पोरं बास झाली." म्हणून नाव-पत्ता देत नाही. गल्लीत कुणालाही "काकूंची मेस" विचारा, बोट दाखवतील.

मी गडहिंग्लजची. पुण्यात टी.वाय. बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. सप्टेंबर २०२३ पासून इथे जेवते. त्याआधी दोन महिने दुसरीकडे डबा लावला होता. तिथे फोनवर पहिला प्रश्न आला, "आडनाव काय?" माझ्या आडनावावरून त्यांना अंदाज लागेना. मग "तुमच्यात सगळं चालतं का?" आणि शेवटी सरळच, "म्हणजे तुम्ही कोण?" डबा मिळाला, जेवणही बरं होतं, पण रोज झाकण उघडताना तो फोन आठवायचा. खोली शोधतानाही हेच ऐकलं होतं, तरी जेवणाच्या बाबतीत ते मला जास्त लागलं.

इथे काकांनी वही उघडली, नाव विचारलं, गाव विचारलं, लिहून टाकलं. त्या वहीत आजही आम्ही सगळे पहिल्या नावाने आणि गावाने आहोत. त्यामुळे हाकाही तशाच पडतात : ए लातूर, परभणी भात घे रे, गडहिंग्लज तुझी दोन कुपनं राहिलीत.

आधी जेवणाबद्दल. दोन वेळचे महिन्याला ३,२०० रुपये, साठ कुपनं. एकच ताट हवं असेल तर ७० रुपये. ताटात चपाती किंवा ज्वारीची भाकरी, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, भात, कांदा. थंडीत बाजरीची भाकरी मिळते आणि तिच्यावर काकू न विचारता लोणी घालतात. गुरुवारी पिठलं, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असतो. त्या दिवशी एक वाजता गेलात तर पिठलं संपलेलं असतं, हे माझ्या अनुभवावरून सांगते. भाजीला सोडा घालत नाहीत, तेलाचा तवंग नसतो, पोट बिघडलंय असं दोन वर्षांत एकदाही झालं नाही. भात मात्र बऱ्याचदा जास्त शिजतो. बुधवारी अंडाकरी, रविवारी दुपारी चिकन, त्याचे पन्नास रुपये वरून. आमच्याकडच्या तांबड्या रश्शाची सवय असलेल्यांना हा रस्सा सौम्य वाटेल. काकू भोरकडच्या आहेत, त्यांच्या हाताला काळ्या मसाल्याची सवय आहे.

बुधवार-रविवारचं कसं जमवतात हे मुद्दाम लिहिते, कारण पुण्यात यावरून भांडणं होताना मी पाहिली आहेत. परभणीचा मुलगा माळकरी आहे, गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा खात नाही. काकू शाकाहारी स्वयंपाक आधी उरकतात आणि ती पातेली वेगळ्या ओट्यावर ठेवतात. त्या पातेल्यांमधल्या पळ्यांच्या दांड्यांना हिरवी वायर गुंडाळलेली आहे, अंड्या-चिकनच्या पळ्यांना लाल. दोन्ही वायरी काकांनी दुकानातून आणून स्वतः गुंडाळल्यात, हिरवी आता जागोजागी सुटायला आलीय. पण टेबल वेगळं नाही. परभणीच्या शेजारी बसून मी चिकन खाल्लंय, तो मटकीची उसळ खात होता. एकदा मी विचारलं, तुला वास सहन होतो का? तो म्हणाला, "होत नाही. पण तू जेवायला बसल्यावर मी उठायचं का?" मी त्याच्यासमोर बसायचं टाळू लागले, तर त्याचाच त्याला राग आला. आता आमचं ठरलंय : हाडं मी लगेच कागदात गुंडाळते, तो खिडकीकडे बसतो.

सहा टेबलं, प्रत्येकी चार जण, एक पंखा. पुण्यात पंक्तीचा इतिहास काय आहे हे मला अभ्यासामुळे माहीत आहे. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झालं, म्हणजे त्यांना वाळीत टाकायचा वाद झाला, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. ते ठिकाण इथून चालत अर्ध्या तासावर आहे. आणि आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला बळ दिलं, स्वतः तिथे जाऊन चहा घेतला आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. ही गोष्ट आमच्याकडे पोरांना लहानपणीच सांगतात. माझे आजोबा सांगताना नेहमी म्हणायचे, महाराजांनी भाषण नाही केलं, कप उचलला. म्हणून कुणाच्या शेजारी बसून कुणाच्या हातचं खायचं, हा प्रश्न मला छोटा वाटत नाही.

या मेसमध्ये राजकारणावर बोललं जातं. खूप बोललं जातं, आणि मोठ्याने. काका दोन पेपर घेतात, दोन वेगळ्या बाजूंचे, आणि दोन्ही दुपारपर्यंत चुरगळलेले असतात. निम्मी मुलं एमपीएससीची तयारी करणारी, त्यामुळे कुठलंही कलम तोंडपाठ. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली आणि मुलं शास्त्री रोडवर रात्रभर बसली. तेव्हा ज्यांची मतं एकमेकांशी कधीच जुळत नाहीत ती सगळी एका रांगेत बसलेली मी पाहिली. काकूंनी दोन पातेली पोहे पाठवले, पैसे लावले नाहीत. परीक्षा पुढे गेली. मेसमधलं भांडण दुसऱ्या दिवशी परत सुरू झालं.

त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, म्हणजे ३,००० रुपये, जमा झाले होते. टेबलावर तीन मुलं बोलत होती : फुकटचे पैसे, मतांसाठीचा खेळ, राज्यावर कर्ज. मीही त्यांच्याच बाजूने बोलत होते. आतून भाकऱ्या करणाऱ्या मावशी बाहेर आल्या, हाताला पीठ तसंच. म्हणाल्या, "माझ्या नावावर बँकेत पयल्यांदा पैसं आलं. नवऱ्याला इचारल्याबिगर मी चष्मा घेतला. तुमी त्याला फुकाट म्हनता व्हय?" आणि आत गेल्या, कारण तव्यावर भाकरी होती. त्यावर कुणी काही बोललं नाही. माझं मत आजही असं आहे की सरकारने बाईच्या कामाला नीट मजुरी मिळेल असं बघावं, महिन्याला १,५०० रुपये देऊन तो प्रश्न सुटत नाही. पण "फुकटचे" हा शब्द त्या दिवसानंतर माझ्या तोंडातून गेलेला नाही. ज्यांच्याबद्दल आपण बोलतो ती माणसं वर्गात नसतात, इथे ती पाच फुटांवर असतात.

मुलींसाठी सांगते. बऱ्याच मेसमध्ये मुली डबा घेऊन जातात, बसून जेवत नाहीत, कारण वीस मुलांच्या नजरा. इथे आम्ही सात-आठ जणी बसून जेवतो आणि भांडतोही. सुरुवातीला मी बोलायला लागले की पलीकडून कुणीतरी आवाज चढवून माझं वाक्य तोडायचं. काकूंनी एकदा आमटी वाढता वाढता त्या मुलाच्या ताटापाशी पळी थांबवली आणि म्हणाल्या, "तिचं होऊ दे की, मग वाढते." तेव्हापासून फरक आहे. पूर्ण गेलंय असं नाही.

मतदानाच्या वेळचं एक चांगलं. माझं नाव गावच्या यादीत. ७ मे २०२४ ला लोकसभेचं पहिलं मत द्यायला घरी गेले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेला परत. दोन्ही वेळा मतदानासाठी गावी जाणाऱ्यांची कुपनं काकांनी पुढच्या महिन्यात ओढून दिली. कुणाला मत देणार हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही, पण बोटावरची शाई प्रत्येकाची बघितली.

आता जे मला लिहायचंच होतं ते. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापलं होतं, १७ तारखेला नागपुरात दंगल झाली. रमजान चालू होता. लातूरचा मुलगा दुपारी यायचा नाही, रोजा सोडून रात्री आठच्या सुमाराला जेवायला यायचा. त्या आठवड्यात एका टेबलावर बोलणं चाललं असताना एक मुलगा त्याच्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या लोकांनी एकदाचं सांगून टाका, तुम्ही कुणाचे." लातूरने ताट अर्धं ठेवलं आणि उठला. पुढचे दोन दिवस आला नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनी भिंतीवर कागद चिकटवला : मेसमध्ये राजकारणावर बोलू नये. मला तो कागद पाहून फार राग आला. मी जेवण झाल्यावर काकांकडे गेले. म्हटलं, काका, जो बोलायचा तो बोलून मोकळा झाला. आता लातूरची उत्तर द्यायची पाळी होती, तर तुम्ही तोंडाला कुलूप लावलंत. काका म्हणाले, "पोरी, मला मेस चालवायचीय. उद्या हातघाईवर आले तर?" त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. काच फुटली तर ती त्यांची. पण मी म्हटलं, सगळे गप्प बसले म्हणजे सगळ्यांचं पटलं असं होत नाही. लातूरला इथे बसून जेवताना आता रोज तेच वाक्य ऐकू येणार.

रात्री काकूंनी तो कागद काढला. लातूरला काकांनी फोन करून बोलावलं होतं. काकू त्या दुसऱ्या मुलाला म्हणाल्या, "तू बोललास ना, आता तो काय म्हणतो ते ऐकायचं. ऐकायचं नसंल तर उद्यापासून डबा घेऊन जा, पैसं तेवढंच." लातूर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमचं गाव औसा तालुक्यात. ९३ च्या भूकंपात आमचं घर पडलं, माझी आत्या गेली. ढिगाऱ्यातून माझ्या आजोबांना ज्यांनी काढलं ते आमच्या शेजारचे पाटील. कुणाचा आहेस हे त्यांनी विचारलं नव्हतं. आणि मला पुण्यात येऊन साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या राजाचा हिशोब रोज जेवताना द्यायचा का?" एवढंच. आवाज चढवला नाही. त्याचा हात ताटाच्या कडेवर होता आणि ताट थोडं वाजत होतं, म्हणून मला कळलं की हात थरथरतोय.

त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि दुसऱ्या दिवशी ईद. पाडव्याला दुपारी श्रीखंड-पुरी होती आणि लातूरचा शेवटचा रोजा. काकूंनी त्याची वाटी झाकून फ्रीजमध्ये ठेवली होती, वर चिठ्ठी : लातूर. पावणेसातनंतर तो आला, खजुराचा डबा घेऊन, आणि प्रत्येक टेबलावर फिरवला. त्या दुसऱ्या मुलानेही एक उचलला. त्यांची मैत्री झाली असं मी लिहिणार नाही, कारण झालेली नाही. त्या मुलाची मतं बदलली असंही दिसत नाही. पण तो डबा घेऊन जात नाही, बसून जेवतो, आणि "तुमचे लोक" हा शब्द मी त्याच्या तोंडून परत ऐकलेला नाही. कॉलेजच्या ग्रुपवर अशा वेळी लोक एकमेकांना सरळ ब्लॉक करतात. इथे टेबलं सहाच आहेत.

तक्रारी. सणवार सोडला तर रविवारी रात्री बंद, आणि त्या रात्री आजूबाजूला परवडेल असं काही मिळत नाही. मे महिन्यात एका पंख्यात बसवत नाही. हात धुवायच्या नळाला दुपारी दीडनंतर पाणी बारीक येतं. साडेबारा ते दोन गर्दीत दहा-पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं, तेव्हा क्लास असेल तर पावणेबाराला या.

पाचपैकी चार देते. पाचवा तारा मी मावशींसाठी राखून ठेवलाय. सकाळी आठपासून त्या एकट्या दोनशेच्या वर भाकऱ्या थापतात आणि स्वतः जेवतात साडेतीनला, सगळं आवरल्यावर, आत जमिनीवर बसून. बाहेरच्या टेबलावर त्यांना मी कधी पाहिलं नाही. महिन्याला सुट्ट्या दोन. मी काकूंना हे दोनदा बोलले. पहिल्यांदा म्हणाल्या, "तिलाच आवडत नाही बाहेर." मी मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "कुनी बस म्हनलंच न्हाई." हे मी काकूंना जसंच्या तसं सांगितलं. त्या थोडा वेळ कणीक मळत राहिल्या आणि म्हणाल्या, "बघते." ही गोष्ट गेल्या सोमवारची.