‘सगळं कव्हर होतं’ म्हणाला आणि मी कोऱ्या फॉर्मवर सही केली

घराचा विमा उतरवताना एजंटला मी एकच प्रश्न विचारला होता : पाण्यानं नुकसान झालं तर मिळतं ना? “मॅडम, घराचं सगळं यात आलं. तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी भरतो.” मी सही केली. पॉलिसी आली ती फाइलमध्ये लावली आणि तीन वर्षं न चुकता हप्ता भरला.

मग एका पहाटे बेडरूमच्या भिंतीतला पाइप फुटला. उठून पाय खाली ठेवला तो पाण्यातच. दोन दिवसांत लाकडी फ्लोअरिंग फुगून वर आलं. कपाट ओढून पाहिलं तर मागची फळी बोटानं टोचली तरी भुगा होत होती.

नुकसान तपासायला विमा कंपनीनं पाठवलेला सर्व्हेअर शांत माणूस होता. कपाटामागच्या भिंतीवरचा डाग त्यानं बराच वेळ न्याहाळला. डागाला एकात एक अशा पिवळट कडा होत्या, आणि खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी. “हे कालचं पाणी नाही,” तो म्हणाला. पाइप फुटण्याआधी कित्येक महिने थेंब थेंब गळत होता. कपाट जागचं हलवलंच नव्हतं, मला कळणार कसं? पण पॉलिसीचं सगळं गणित ‘अचानक’ आणि ‘हळूहळू’ या दोन शब्दांवर चालतं. अचानक फुटलेल्या पाइपच्या पाण्यानं फ्लोअरिंग खराब झालं, ते धरलं. मुरत गेलेल्या ओलीनं कुजलेलं कपाट आणि भिंत, बाद. आणि पाइप? तो जुना होऊन फुटला, म्हणजे झीज, तोही बाद.

जे फ्लोअरिंग धरलं त्याचे पैसे तरी पूर्ण मिळतील असं वाटलं होतं. फ्लोअरिंग जुनं म्हणून आधी घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत, वजा झाला. नव्याच्या किमतीनं भरपाई देणाऱ्या पॉलिसी असतात, माझी तशी नव्हती. त्यानंतर निघालं सरासरीचं कलम, ज्याचं नावही मी ऐकलं नव्हतं. घर पुन्हा बांधायला जेवढा खर्च येईल त्याच्या 60 टक्केच रकमेचा विमा एजंटनं उतरवला होता, हप्ता कमी दिसावा म्हणून. मला वाटायचं, कमी विमा म्हणजे अख्खं घर गेलं तरच तोटा. तसं नसतं. पॉलिसीत हे कलम असेल आणि विमा 60 टक्के असेल तर छोट्या नुकसानीचेही 60 टक्केच मिळतात. माझं 100 घसाऱ्यानंतर 70 झालं, सरासरीनंतर 42, आणि त्यातूनही पॉलिसीप्रमाणे आपण सोसायचा ठरावीक भाग गेला. (उलट चूकही लोक करतात : जागेच्या किमतीसकट बाजारभावाचा विमा उतरवतात. जमीन काही जळत नाही, विमा बांधकामाचा हवा.)

सगळ्यात जास्त संताप फॉर्मची प्रत पाहून झाला. घर 20 वर्षांचं आहे हे मी एजंटला तोंडी सांगितलं होतं. फॉर्मवर 8 लिहिलेलं. ‘पूर्वी गळती झाली होती का?’ याच्यापुढे ‘नाही’. बाथरूमची गळती एकदा दुरुस्त करून घेतल्याचं त्याला माहीत होतं. खाली सही माझी. माहिती दडवली म्हणून कंपनीनं अख्खा दावा फेटाळला असता तर भांडणंही अवघड गेलं असतं.

पॉलिसी शेवटी मी नीट वाचली, नुकसान झाल्यावर. घर सलग ठरावीक दिवस बंद राहिलं तर चोरीचं संरक्षण थांबतं. माझ्या पॉलिसीत हे 30 दिवस होते, काहींत 60 असतात. कुलूप किंवा खिडकी फोडल्याची खूण नसेल तर चोरी धरत नाहीत. दागिन्यांना वेगळी, बरीच कमी मर्यादा. वाळवी आणि उंदरांचं नुकसान नाही. पूर आणि भूकंप काही पॉलिसींत मुळातच असतात, काहींत जादा हप्ता भरून घ्यावे लागतात. नावावरून काही कळत नाही, ‘अपवाद’ लिहिलेलं पानच उघडावं लागतं. माझ्या पॉलिसीत ते अकरावं पान होतं.

तक्रार करायची म्हणून एजंटसोबतचं सगळं व्हॉट्सअ‍ॅप चॅट वरपासून खालपर्यंत चाळलं. रोजची गुड मॉर्निंगची फुलं, सणांच्या शुभेच्छा, हप्त्याची आठवण. ‘सगळं कव्हर होतं’ हे वाक्य एकदाही लिहिलेलं नाही. ते तो नेहमी फोनवरच बोलायचा.

आता नव्या पॉलिसीसाठी दुसरा एजंट येतो. त्याला मी सात प्रश्न ईमेलनं पाठवले, उत्तरं ईमेलवरच द्या म्हणून. तो म्हणाला, “मॅडम, फोनवर सांगतो ना.”