ब्लॅकवेल नक्की कुठलं? वंशावळीच्या साइट्स आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, हा अनुभव इंग्लंडमधलं खेडं शोधण्याचा आहे, आपल्याकडचा नाही. त्र्यंबकला उपाध्यायांनी वही उघडली की आमच्या चार पिढ्या दहा मिनिटांत समोर येतात, तेच डोक्यात होतं, त्यामुळे सासूबाई (सासर इंग्लिश, आम्ही कॉव्हेंट्रीत राहतो) "माझे पणजोबा ब्लॅकवेलचे होते एवढंच माहितीय, बघ सापडतंय का" म्हणाल्या तेव्हा मला वाटलं दोन वीकेंडचं काम. आठ महिने गेले.

सुरुवात एका पेड साइटने केली, नाव घेत नाही. साइट दिसायला मस्त, जनगणनेचे कागद पटापट उघडतात, पण गावाचं नाव टाइप केलं की ती स्वतःच "योग्य" जागा भरून टाकते आणि तिने आमचं ब्लॅकवेल, वूस्टरशर (वूस्टरशर ही काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) सरळ ब्रॉम्सग्रोव्ह गावाजवळच्या ब्लॅकवेलला नेऊन ठेवलं. शिवाय लोकांनी बनवलेल्या वंशवृक्षांचे हिंट्स येतात, त्यातल्या बऱ्याच वृक्षांवर पणजोबा ब्रॉम्सग्रोव्हचेच. मी पण खूश. नंतर लक्षात आलं की सगळ्यांनी एकमेकांचंच कॉपी केलंय, मूळ पुरावा कुणाकडेच नाही. दीड महिना मी ब्रॉम्सग्रोव्हमध्ये भलत्याच माणसाच्या मागे फिरत होते, त्यात सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू झालं ते वेगळंच.

मग शांतपणे बसून सगळ्या जनगणना एका कागदावर मांडल्या. आमचा माणूस, म्हणजे सासूबाईंचे पणजोबा, बर्मिंगहॅममध्ये रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल, आणि जन्मगाव दर दहा वर्षांनी वेगळं: १८६१ ला वॉरिकशर, शिप्स्टन. १८७१ ला वूस्टरशर, ब्लॅकवेल. १८८१ ला वॉरिकशर, इल्मिंग्टन. १८९१ ला नुसतं वूस्टरशर, गावच नाही. नवरा म्हणाला खोटारडा दिसतोय तुझा हमाल. (खापरपणजोबा त्याचे, पण हमाल माझा.)

इथे ज्याने काम केलं ते म्हणजे फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवरचा १८५१ चा इंग्लंडचा नकाशा. फुकट आहे. पॅरिशवर (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) क्लिक केलं की ती तेव्हा कुठल्या काउंटीत, कुठल्या रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्टमध्ये, कुठल्या बिशपच्या हद्दीत ते दिसतं, आणि लागून असलेल्या पॅरिशची यादी निघते. शिप्स्टनवर क्लिक केलं आणि मी उडालेच, कारण आज वॉरिकशरमध्ये असलेलं शिप्स्टन तेव्हा वूस्टरशरमध्ये होतं, मुख्य काउंटीपासून तुटलेल्या एका तुकड्यात. शेजारचं ट्रेडिंग्टन पण तसंच, आणि ट्रेडिंग्टन पॅरिशमध्ये एक वाडी आहे, तिचं नाव ब्लॅकवेल!

ही भानगड जुनी आहे, वूस्टरच्या चर्चच्या जमिनी जिथे जिथे होत्या तिथे तिथे वूस्टरशर. आपल्याकडे सांगली-मिरज संस्थानांची गावं कशी इंग्रजी मुलखात विखुरलेली होती तसंच समजा. १८४४ च्या कायद्याने इंग्लंडमधले असे बरेच तुकडे शेजारच्या काउंटीला जोडले, पण हे राहिले ते थेट १९३१ पर्यंत. मोर्टन-इन-मार्शजवळ चार काउंट्यांचा दगड आहे, फोर शायर स्टोन, तिथे १९३१ पासून तीनच काउंट्या भेटतात. नाव मात्र चारचंच.

म्हणजे ज्या भागात चार मैल चाललं की काउंटी बदलते तिथे काउंटीचं नाव टाकून सर्च करणं हाच मूर्खपणा होता. मी फिल्टरमधून काउंटी काढूनच टाकली आणि ट्रेडिंग्टनला लागून असलेल्या पॅरिश एकेक करून घेतल्या. इल्मिंग्टनमध्ये १८५१ च्या जनगणनेत कुटुंब सापडलं, मुलगा १२ वर्षांचा, जन्म ट्रेडिंग्टनचं ब्लॅकवेल, आणि बापाचं नाव नि धंदा मुलाच्या पुढे झालेल्या लग्नाच्या दाखल्यावर आहे तोच. मग १८४१ ची काढली. त्या जनगणनेत जन्मगाव लिहीतच नाहीत, फक्त याच काउंटीत जन्म का, हो की नाही. आईबाप दोघं "हो", पोरगं २ वर्षांचं आणि "नाही". एकटीच ही नोंद बघितली असती तर वाटलं असतं कुटुंब कुठून तरी लांबून आलं, आणि प्रत्यक्षात ब्लॅकवेल ते इल्मिंग्टन चालत पाऊण तास.

जन्माच्या दाखल्यासाठी जीआरओची, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाची, सरकारी साइट. अकाउंट काढलं की इंडेक्स फुकट, आणि त्यात १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव असतं, जे जुन्या छापील इंडेक्समध्ये १९११ च्या मध्यापासूनच येतं. हा एक कॉलम सोन्यासारखा आहे, कारण आमचं आडनाव तिथे प्रत्येक आळीत दोन. धाकट्या भावंडांच्या नोंदींवरून आईचं आडनाव काढलं, तेच १८३८ च्या शेवटच्या तिमाहीत शिप्स्टन डिस्ट्रिक्टला जुळलं. डिजिटल इमेज मी घेतली तेव्हा ३ पाउंडांना मिळाली, पूर्ण सर्टिफिकेट मागवायची गरज पडली नाही. जन्मस्थळ: ब्लॅकवेल. नशीब नोंद तरी होती, कारण १८७५ च्या आधी नोंदणी न करणाऱ्याला दंड नव्हता आणि बरीच मुलं राहून गेलीत.

बाप्तिस्मा मात्र ट्रेडिंग्टनच्या चर्चमध्ये नव्हताच. वूस्टरला द हाइव्ह म्हणून सोनेरी लायब्ररी आहे, तिथे पॅरिशच्या नोंदींच्या बिशपकडे पाठवलेल्या नकला बघता येतात, त्यात सापडला, इल्मिंग्टनला, आईच्या माहेरी. पहिलं बाळंतपण सासरी, बाप्तिस्मा माहेरी, आपल्या उलट! म्हणजे हमाल खोटारडा नव्हताच. बर्मिंगहॅममध्ये कुणी विचारलं तर कधी जवळचं बाजाराचं गाव सांगितलं, कधी जन्माचं, कधी जिथे वाढला ते.

आता कुणी विचारेल की पैसे कशावर घालायचे. पेड साइट मी बंद केली, पुन्हा लागली तर एक महिन्यासाठी घेईन आणि पहिल्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करेन. फॅमिलीसर्चवर काही इमेज घरून उघडत नाहीत, त्यांच्या सेंटरला किंवा जोडलेल्या लायब्ररीत जावं लागतं, ते धरून चाला. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर इंग्लंडचेसुद्धा जुने सर्व्हे नकाशे फुकट आहेत, आजच्या नकाशाच्या शेजारी ठेवून बघता येतात, काउंटीची ठिपक्यांची रेघ शेतातून कशी जाते ते बघण्यात माझी एक अख्खी रात्र गेली आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

मागच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन ब्लॅकवेलला गेलो. थोडी घरं, शेतं, वाऱ्याने हैराण. त्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बरं झालं पणजोबा इथून बर्मिंगहॅमला निघाले.

काम संपलं असं वाटत होतं. काल परत १८५१ चा कागद बघितला तर त्याच्या बापाचं जन्मगाव मिकलटन, ग्लॉस्टरशर. आणि १८४१ मध्ये तोच बाप "याच काउंटीत, हो" म्हणून बसलाय, वॉरिकशरमध्ये. नकाशा परत उघडलाय.