सप्ततीर्थाचा फोटो आणि आमचे 26,714 रुपये

हे लिहायला तीन आठवडे घेतले. लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग जास्त आहे, म्हणून लिहिते.

आमची नऊजणींची भिशी. सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. दर पावसाळ्यात एक सहल असते आणि पैशांचं सगळं माझ्याकडे, कारण हिशेबाला चोख म्हणून माझं नाव. (होतं.) यंदा भंडारदरा ठरलं. रंधा धबधबा, धरणाच्या पायथ्याचा अम्ब्रेला, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आणि तिथली पुष्करणी, एक रात्र जलाशयाकाठी तंबूत. एकीला इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली, मी नंबरावर मेसेज टाकला, आणि सहल काढतो म्हणणाऱ्या त्या माणसाने आम्हाला फसवलं.

माणशी 2,150. स्वस्त असतं तर मीच शंका घेतली असती. हा भाव चार ठिकाणी विचारलेल्या भावापेक्षा थोडा जास्तच होता, म्हणून तर खरा वाटला. नऊजणींचे 19,350, त्यातले निम्मे म्हणजे 9,675 सोमवारी पाठवले. बुधवारी निरोप आला, आज पूर्ण भरलेत तर एकूण रकमेवर दहा टक्के सूट. दिले 7,740. मग अभयारण्याचे पास आणि गाडीचं शुल्क मिळून 1,300. मग तंबूची परत मिळणारी अनामत, 3,000. दर वेळी यूपीआयवर नाव वेगळंच यायचं. एकदा तर बाईचं आलं. 'बहिणीचं खातं आहे ताई, माझी लिमिट संपली.' मी मान्य केलं. इथंच एक सांगून ठेवते: कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची प्रवेश फी नाक्यावर घेतात आणि पावती देतात. व्हॉट्सॲपवर कुणी त्या नावाने पैसे मागितले, तर तो चोर.

पण हे सगळं मी स्वतःला माफ करू शकते. फोटोचं नाही करू शकत.

निघायच्या दोन दिवस आधी मी त्याला म्हटलं, रतनवाडीच्या पुष्करणीपर्यंत गाडी जाते ना, आमच्यातल्या दोघींचे गुडघे गेलेत. तो म्हणाला, 'अगदी पायरीपर्यंत, ताई,' आणि फोटो पाठवला. काळ्या दगडाचं कुंड, उतरत्या पायऱ्या, एका बाजूला भिंतीत ओळीने कोरीव देवळ्या. मी तो मोठा करून पाहिला. ते रतनवाडी नव्हतं. ते हरिश्चंद्रगडावरचं सप्ततीर्थ होतं. 1992 साली कॉलेजच्या ट्रेकमध्ये पाचनईकडून चढून गेल्यावर त्याच पायऱ्यांवर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या होत्या आणि केदारेश्वराच्या गुहेतल्या बर्फासारख्या पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालताना माझे दात वाजले होते. असं कुंड माणूस विसरत नाही. तिथं गाडी जात नाही, घाम गाळून चढावं लागतं.

मी काय केलं? 'हे हरिश्चंद्रगडाचं वाटतंय' असं टाइप केलं. आणि खोडलं. वाटलं, पोरगा असेल, फोटो चुकून गेला असेल, कशाला उगाच शहाणपणा दाखवा. त्याच्या आधी त्याने यादीत 'सांदण दरीत रॅपलिंग' लिहिलं होतं, तेही जुलैत! पावसात सांदणमधून पाणी लोटतं, तिथं कुणी उतरत नाही, हे मला माहीत होतं. विचारलं तर म्हणे आमचा स्पेशल परवाना आहे. आणि अम्ब्रेला म्हणे तंबूतून दिसेल, बारा महिने. अहो, तो धबधबा धरणातून पाणी सोडलं तरच पडतो. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण 1926 ला पुरं झालं, त्याच्या आधी हा धबधबा नव्हताच. हे मीच भिशीच्या ग्रुपवर दोन दिवस आधी टाकलं होतं, चहाच्या कपाच्या इमोजीसकट. म्हणजे माहिती सगळी होती. पैसे आधीच गेले होते ना, आता शंका घेतली तर आपणच मूर्ख ठरू, ही खरी भीती होती. तो खोडलेला मेसेज अजून डोळ्यांसमोर येतो. तेव्हा थांबले असते तर पुढचे 4,999 तरी वाचले असते.

शनिवारी टेम्पो ट्रॅव्हलरने कसारा घाट, घोटी, बारी करत धरणाजवळच्या शेंडी गावाला पोहोचलो. त्याने पाठवलेलं लोकेशन जलाशयाच्या कडेने पुढे नेत नेत एका खाचरापाशी संपलं. गुडघाभर चिखलात भाताची आवणी चालली होती. डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेले एक आजोबा हातातली रोपांची जुडी तशीच धरून बांधावर आले. म्हणाले, 'परवा बी दोन गाड्या आल्या व्हत्या. हितं कुठं तंबू हाय?'

फोन लावला तर लागला! हीच त्यांची कमाल. 'सॉरी ताई, बुकिंग ओव्हर झालंय, सगळे पैसे आत्ता परत करतो. क्यूआर पाठवलाय, तो ॲपमध्ये उघडा आणि पिन टाका.' मी टाकला. गेले 4,999. हसा खुशाल. पाऊस, एक काडी रेंज आणि गाडीतल्या आठजणी तोंडाकडे बघतायत, अशा वेळी मेंदू चालत नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मला पाठ आहे. माझ्या सासूबाईंना मीच शिकवलंय ते.

एकूण 26,714.

त्या आजोबांच्याच वाडीत एका घरी पिठलं-भाकरी खाल्ली, तिथंच रात्री पथाऱ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी रतनवाडीला गेलो. पुष्करणी काठोकाठ भरलेली, पाण्यावर सरी पडतायत, कडेने छोट्या देवळ्या. फार सुंदर आहे. मला धड बघवली नाही.

आता पोलीस. तिकडच्या चौकीत गेलो तर, पैसे तुमच्या गावातून गेले, तक्रार तिकडे. आमच्या भागातल्या ठाण्यात गेले तर, फसवणूक तिकडे झाली, तक्रार तिकडे. मी म्हटलं, शून्य क्रमांकाने एफआयआर घेता येतो कुठेही. उत्तर, 'मॅडम, टीव्ही कमी बघा.' दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच द्यायला शिक्का सापडेना. शिक्का! वीस मिनिटं दोन माणसं टेबलाचे खण उघडत होती. वर सल्ला, 'एवढ्याशा रकमेसाठी कशाला त्रास करून घेता?' एवढीशी? आमच्यातली एक डबे करून पोट भरते, तिची चार दिवसांची कमाई आहे 2,150.

बँकेत त्याहून वरचढ. 'पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत.' मी म्हटलं, पैसे गेले त्या खात्यांवर निदान काही करा, नावं तरी सांगा. तर ग्राहकाची माहिती गोपनीय असते म्हणे. चोर त्यांचा ग्राहक, मग मी कोण? साहेबांच्या पाठीमागच्या भिंतीवर 'सावध राहा, सुरक्षित राहा' असं पोस्टर होतं, एक कोपरा सुटलेला. तक्रार क्रमांक मिळाला, त्यावर चौकशी केली की 'प्रक्रियेत आहे'. तीन आठवडे प्रक्रियेतच आहे.

आणि असं फसलात तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरात फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त. मी केला तेव्हा सव्वीस तास उलटून गेले होते, कारण आधी नवऱ्याला कसं सांगायचं हाच विचार करत बसले. स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्याने चॅट पुसायच्या आत. मुक्काम ठरवताना जागेवरून व्हिडिओ कॉल करायला सांगा, आजच्या आज, पावसासकट. शेंडी, रतनवाडीत घरगुती सोय सहज होते, बरेच जण पोहोचल्यावर पैसे घेतात.

आठजणींचे पैसे मी माझ्या एफडीतून परत केले. चौघींनी घेतले नाहीत, चौघींनी घेतले. कुणी घेतले ते मी सांगणार नाही. पुढच्या भिशीचा हिशेब धाकट्या जावेकडे गेलाय.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, नाव नवं, आता माणशी 2,350. फोटो तोच, सप्ततीर्थाचा, खाली लिहिलंय 'रतनवाडी, गाडी पायरीपर्यंत'. मी तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं की यात नियमबाह्य काही आढळलं नाही.