फोनोग्राफची जुनी पेटी: पॉलिश जागवावं की खरवडून काढावं?

पेटीवर काळपट थर आणि मगरीच्या कातडीसारख्या भेगा दिसल्या की हात लगेच सँडपेपरकडे जातो. कृपा करून थांबा. मागच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा (म्हणजे अल्कोहोलचा) बोळा टेकवून पाहा. थर चिकट झाला, तर बहुधा ते लाखेचं पॉलिश आहे आणि ते वाचवता येईल.

आधी मळ पुसायचा, मग मऊ ब्रशने स्पिरिटचा हलका हात फिरवायचा. लाख विरघळते, भेगांत उतरते आणि पुन्हा एकसंध बसते. वर लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन पातळ हात पुरतात. लाकडावर वर्षानुवर्षं चढलेली छटा राहते, हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९०६ साली आलेल्या व्हिक्ट्रोलासारख्या (कर्णा पेटीतच दडवलेल्या फोनोग्राफसारख्या) यंत्रांच्या झाकणाआत कंपनीचं सोनेरी चिन्ह असतं. तिथे मात्र स्पिरिट अजिबात नको. (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्याही स्पिरिटपासून दूर ठेवा, त्यांतही लाखच असते.)

सगळं खरवडून पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखं टणक वॉर्निश) लावलं तर पाण्याचे डाग पडायची भीती कमी, हे खरं. पण वरचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पापुद्रा, पातळ असतं. कडांवर जरा जास्त घासलं की खालचं लाकूड उघडं पडतं आणि ते भरून येत नाही. पेटीवर कुणी ऑइल पेंट फासला असेल, तरच मी या वाटेला जाईन. तेव्हाही रंग काढायच्या रिमूव्हरनेच, आणि शेवटचा हात पुन्हा लाखेचाच.