संत्र्यासाठी काय घ्यावं: कायटोसान, ऑलिगो की शिंपल्याची भुकटी?

झिंगे-खेकड्यांच्या टरफलांतून निघणारं कायटोसान, त्याचे बारीक तुकडे म्हणजे ऑलिगो, आणि भाजलेल्या शिंपल्याची भुकटी. तिघांनाही 'जंतुनाशक' आणि 'अँटिऑक्सिडंट' (हवेतल्या ऑक्सिजननं होणारी खराबी रोखणारं) म्हणतात, पण काम एकसारखं नाही.

वरुड-मोर्शीकडच्या बगिचेवाल्याला तोडणीनंतर छळते ती हिरवी बुरशी. तिच्यासाठी कायटोसानच. आंबट पाण्यात त्यावर धनभार येतो, ते जंतूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून त्याला गळती लावतं, वर सालीवर पातळ पापुद्रा धरतं. लिटरभर द्रावणाला 10 ग्रॅम भुकटी, 4 टक्क्यांचं व्हिनेगर 250 मिली, बाकी पाणी. भुकटी चिमटीचिमटीनं टाकत ढवळा, नाहीतर गुठळ्या होतात. रात्रभर ठेवून कापडातून गाळा. धुतलेलं, कोरडं फळ मिनिटभर बुडवून पंख्याखाली वाळवा. लेप जाड झाला तर फळाचा श्वास कोंडतो, फोडी दारूसारख्या लागतात. ओढून तोडलेल्या, देठाशी साल फाटलेल्या फळात बुरशी आधीच शिरलेली असेल तर लेपाचा उपयोग नाही, कात्रीनंच तोडा.

द्रावणाचा सामू (pH) साडेसहाच्या वर गेला की कायटोसान दुधासारखं फाटतं. म्हणून बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याच्या) पंपात ते टाकायचं नाही.

आणि हो, संत्रं उपवासाला खातात. झिंग्याचा लेप असेल तर क्रेटवर लिहा. काहींना त्याची ॲलर्जीही असते. बुरशीपासून काढलेलं कायटोसानही असतं.

अँटिऑक्सिडंट गुण हवा असेल तर ऑलिगो सरस. कायटोसानच्या लांब साखळीत जे रासायनिक गट एकमेकांत अडकून असतात, ते तुकडे केल्यावर मोकळे होतात. साध्या पाण्यात विरघळतं, फवारणीला सोपं. मात्र चांगला पापुद्रा धरत नाही, त्यामुळे फळ बुडवायला घेऊ नका.

भाजलेला शिंपला म्हणजे सरळ कळीचा चुना. पाण्याचा सामू 12 च्या वर नेतो, जंतू त्यानंच मरतात. क्रेट धुवायला ठीक, पण मग गावातला चुना काय वाईट? अँटिऑक्सिडंट म्हणून जादा पैसे तर मुळीच देऊ नका.

घेण्याआधी नमुना तपासा. 25 मिली व्हिनेगर, 75 मिली पाणी, त्यात 1 ग्रॅम कायटोसान. फसफसलं तर टरफलातलं चुनखडं नीट काढलेलं नाही. सकाळपर्यंत तळाशी पांढरे कण राहिले तर त्यात कच्चं कायटिन, म्हणजे कायटोसान न झालेला टरफलाचा मूळ पदार्थ, आहे. शिंपल्याची चमचाभर भुकटी थोड्याशाच पाण्यात टाका: नीट भाजलेली ताजी असेल तर पाणी गरम होतं.