गिरगावातला हिरड्यांचा दवाखाना : घरात शुगर असेल तर जरूर जा

दातांच्या दवाखान्यात 'कुठे दुखतंय?' याच्या आधी 'शुगर किती आहे?' असं विचारलं गेलं, म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम लिहितेय.

आई 68 वर्षांची, शुगर बरीच जुनी. ब्रश करताना रक्त यायचं, दोन दाढा हलत होत्या. आधी घराजवळच्या एका ठिकाणी नेलं होतं. तिथे वरवर सफाई केली आणि 'हलतायत ते पुढच्या वेळी काढून टाकू' असं सांगून मोकळे झाले. तिला डायबेटिस आहे का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. याचा मला अजूनही राग आहे.

इथल्या बाई हिरड्यांच्या स्पेशालिस्ट आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी दातांना हात लावण्याआधी एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या रक्त-तपासणीचा) रिपोर्ट बघितला, चालू गोळ्या लिहून घेतल्या. रक्त पातळ करायची गोळी आहे म्हटल्यावर 'स्वतःहून बंद करू नका, मी तुमच्या डॉक्टरांशी बोलते' म्हणाल्या आणि खरंच बोलल्या. मग काळ्या खुणा असलेली एक बारीक सळई घेऊन प्रत्येक दाताभोवती सहा जागी मोजमाप सुरू झालं. बाई आकडे सांगत होत्या, समोरची मुलगी लिहून घेत होती. तीन, दोन, तीन... पाच, सहा, सात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटत चाललीय, हे आधीच सांगितलेलं. त्यामुळे मागच्या दाढांपाशी आकडे चढायला लागले तशी आई माझ्याकडे बघायला लागली. पूर्वी मशेरी लावायची, हे तिने स्वतःच सांगितलं. त्यावर एक शब्द न बोलता बाईंनी गालाची आतली बाजू आणि जिभेखाली पांढरा चट्टा आहे का, ते नीट तपासलं. नव्हता.

नंतर आईला समजेल अशा भाषेत सांगितलं. सुटलेल्या हिरडीखाली जंतू साठतात, ब्रश तिथे पोचत नाही, सूज कायम राहते. त्या सुजेतून रक्तात जे उतरतं त्यामुळे इन्सुलिनचं काम बिघडतं, शुगर चढते. आणि शुगर चढली की हिरडी भरून येत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी साधारण 0.4 ने उतरतो, असं अभ्यासांतून दिसलंय. "काकू, हे गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांऐवजी नाही," हेही बजावलं. हार्टबद्दल मी विचारलं, तर हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार बरेचदा एकत्र दिसतात, पण हिरड्या बऱ्या केल्या म्हणजे अटॅक टळेल असं मी सांगणार नाही, म्हणाल्या. असं बोलणारा डॉक्टर मला भरवशाचा वाटतो. बाहेर एक काका बसले होते, हृदयात कृत्रिम झडप बसवलेली. तोंडातले जंतू रक्तातून झडपेपर्यंत जाऊ नयेत म्हणून त्यांना सफाईच्या तासभर आधी अँटिबायोटिक दिलं होतं आणि वेळ झाल्याशिवाय आत घेतलं नाही.

आईची खोल सफाई भूल देऊन, एकेक बाजू अशी झाली. सफाईने दात सैल होतात, हा तिचा जुना धसका. मधला दगडासारखा थर निघाला की फटी दिसतात आणि काही दिवस गार पाणी झिणझिणतं, हे आधीच सांगून ठेवल्यामुळे ती घाबरली नाही. फटींत फिरवायचा छोटा ब्रश आरशासमोर उभं करून तिच्याच हाताने वापरायला शिकवला.

आईचा एचबीएवनसी 8.4 वरून 7.9 वर आलाय. गोळ्या त्याच होत्या. तिचं चालणंही वाढलंय, त्यामुळे सगळं श्रेय हिरड्यांना देत नाही. पण चावता येईना म्हणून ती मऊ भात आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांवर आली होती, आणि शुगरच्या माणसाला हे काय करतं ते वेगळं सांगायला नको. आता दोन्ही बाजूंनी भाकरी चावते, कोशिंबीर खाते. दाढांपैकी एक गेली, एक वाचली.

तक्रारी आहेत. जिना लाकडी, अरुंद, लिफ्ट नाही. गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात. दिलेली वेळ अर्धा-पाऊण तास पुढे जाते आणि शुगरच्या पेशंटला उपाशी ताटकळत ठेवणं बरं नाही, हे मी तिथे सांगितलंय. फी एकरकमी घेत नाहीत, पण एकूण खर्च कमी नाही. परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, तिथेही हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

जाताना गेल्या तीन महिन्यांतला एचबीएवनसी आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. वेळ सकाळचीच मागा, आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, नाश्ता करूनच निघा.