सरकी की सरकीची पेंड? गाईच्या रक्ताच्या बाजूने पाहू

सरकीचा दाणा मधोमध कापून पाहा. फिकट पिवळ्या गरात खसखशीपेक्षाही बारीक काळपट ठिपके दिसतील. ते गॉसिपॉलचे, म्हणजे सरकीत मुळातच असणाऱ्या एका विषारी रंगद्रव्याचे. सरकी की पेंड हे ठरवताना दूध आणि फॅटच्या आधी या ठिपक्यांचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

गॉसिपॉल लोहाला धरून ठेवतं आणि तांबड्या पेशी ठिसूळ करतं. त्रास देतं ते मोकळं गॉसिपॉल. प्रथिनाला घट्ट चिकटलेलं फारसं अंगात शोषलं जात नाही.

अख्ख्या सरकीत बहुतेक सगळं मोकळंच असतं. तरी मोठ्या गाईला ती झेपते. लव असलेला दाणा कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चाऱ्याबरोबर रेंगाळतो, रवंथ होता होता हळूहळू फुटतो आणि सुटलेलं गॉसिपॉल तिथल्याच प्रथिनांना चिकटतं. दाणा भरडून दिला की ही सवड मिळत नाही. म्हणून सरकी द्यायची तर अख्खीच, आणि दुभत्या गाईला दिवसाला 2 ते 3 किलोच्या आत.

पेंडीचं सगळं गणित, तेल कसं काढलं, यावर अवलंबून. उष्णता आणि दाब भरपूर लागला असेल, तर मोकळं गॉसिपॉल प्रथिनातल्या लायसिन या घटकाला चिकटतं. प्रथिनाचा कस थोडा उतरतो, पण रक्त वाचतं. कमी उष्णतेत द्रावकाने (तेल विरघळवणाऱ्या रसायनाने) तेल काढलेल्या पेंडीत मोकळं जास्त उरतं, शिवाय ती भुगा असल्याने लवकर सुटतं. पेंड कोणत्या पद्धतीची हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर मी अख्खी सरकीच निवडेन.

इथे एक फसगत होते. हिमोग्लोबिनचा आकडा चांगला आला की आपण निश्चिंत होतो. पण पेशींचा ठिसूळपणा हिमोग्लोबिन उतरण्याआधीच वाढलेला असू शकतो. तो पाहायला रक्त कमी मिठाच्या पाण्यात मिसळून किती पेशी फुटतात ते मोजतात. सरकी जास्त जात असेल, तर पशुवैद्यकाकडे हीच तपासणी मागा. आहारात व्हिटॅमिन ई वाढवल्यावर हा ठिसूळपणा कमी होताना दिसला आहे.

कोठीपोट तयार न झालेल्या वासराला मात्र दोन्ही नको, मूठभरही नको. त्याच्याकडे गॉसिपॉल अडवणारं काहीच नसतं. हृदय आणि यकृत खराब होऊन वरवर धडधाकट वासरू अचानक दगावतं. पैदाशीच्या वळूलाही टाळा, शुक्राणू बिघडतात.

आणि दोन्ही एकत्र देत असाल, तर दोन्हींतलं मोकळं गॉसिपॉल मिळून मोजा. सरकी मर्यादेत, पेंडही मर्यादेत, पण गाईच्या पोटात बेरीज जाते.